लकी खडखड

६ जानेवारी, सकाळी सव्वासात
नव्या वर्षाचे संकल्प. सहा दिवस उशीर झाला, पण पक्के आहेत. एक, रोजनिशी रोज लिहायची. दोन, मेहुण्याशी हॉकीवरून वाद घालायचा नाही. तीन, दोन नंबर पंपाचं बेअरिंग शनिवारच्या मॅचआधी बदलायचं.

वर स्टेडियममध्ये बसणाऱ्या आठ हजार जणांपैकी एकालाही माहीत नाही, म्हणून निदान इथे लिहून ठेवतो: बर्फाखाली पाइप, पाइपांत उणे दहाचं खारं पाणी, आणि ते पाणी फिरवणारा हा एकच पंप. एक नंबर पंप उन्हाळ्यापासून उघडून ठेवलाय, त्याचे पार्ट येणार येणार म्हणून ऐकतोय. दोन नंबर बसला की बर्फ बसला, बर्फ बसला की हॉकी बसली. नवं बेअरिंग खोक्यात येऊन पडलंय. एका दिवसाचं काम.

आपला संघ अकरावा. पहिले आठ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात. अजून आशा आहे.

९ जानेवारी
दुसरा संकल्प मोडला. चूक माझी नाही. मेहुणा जेवायला आला आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाला की कडीला सोडा आणि त्याच्या बदल्यात एखादा गोल मारणारा फॉरवर्ड आणा. कडी म्हणजे आपला चार नंबरचा डिफेन्समन. लावली की दार उघडत नाही, म्हणून कडी. मेहुण्याचं म्हणणं, माणूस चौतिशीचा झाला, वर्षात गोल दोन. मी विचारलं की त्याने किती गोल होऊ दिले नाहीत ते मोजतं का कोणी? तर म्हणे जे झालंच नाही ते मोजणार कसं!

मला एकदम सणसणीत उत्तर सुचलं, पण तोवर तो घरी पोचला होता. बायको म्हणाली, न झालेलं मोजायचंच असेल तर बाथरूमच्या नळापासून सुरुवात करा, ऑगस्टपासून गळतोय. डिफेन्सचं महत्त्व या घरात कुणालाच कळत नाही.

११ जानेवारी, शनिवार
बेअरिंग राहिलं. शुक्रवारी डोकं दुखत होतं.
दुपारी दोनला मॅच सुरू झाली आणि त्याच मिनिटाला पंप खडखडायला लागला. जिंकलो! ३-१. कडीने दोन वेळा स्वतः आडवं पडून पक, म्हणजे ती रबरी चकती, अडवली.

१८ जानेवारी
पुन्हा खडखड. पुन्हा विजय. २-०. संघ दहावा.

२२ जानेवारी
आज जोडीदाराने (आम्ही दोघं आळीपाळीने ड्यूटी करतो) पान्हे, जॅक, ग्रीस सगळं मांडून ठेवलं होतं. बेअरिंग बदलायचंच म्हणून बसला. मी हात धरला. विजय सुरू असताना पंपाला हात लावतात का? त्याने पान्हे पुन्हा पेटीत भरले.

मी अंधश्रद्धाळू नाही. संघ जिंकायला लागल्यापासून मेहुणा मोजे धूत नाही, त्याला अंधश्रद्धा म्हणतात. माझं शास्त्रीय निरीक्षण आहे. खडखड नव्हती तेव्हा अकरावे होतो, खडखड आली आणि दहावे झालो. आकडे बोलतात.
बेअरिंगचं खोकं कपाटावरून टेबलावर आणलं. चहाचा कप ठेवायला बरं पडतं.

२९ जानेवारी
रजिस्टरात जोडीदाराने लिहिलंय, "पंप २, आवाज वाढला आहे." त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याला काय कळणार? खाली मी लिहिलं, "सर्व ठीक", आणि सही ठोकली.

१ फेब्रुवारी
मॅच परगावी होती. पंप इथे, संघ तिथे, तरी जिंकलो. याला म्हणतात पोहोच.

७ फेब्रुवारी
बायको म्हणते, मी हल्ली झोपेत घोरत नाही, खडखडतो. मी सांगितलं की चांगली खूण आहे. ती उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

१३ फेब्रुवारी
पंपाचं अंग चांगलंच तापतंय. हात ठेववत नाही. त्याच्यावर कप ठेवला तर चहा तासभर गरम राहतो. सोय झाली.
संघ नववा!

२० फेब्रुवारी
आवाजात आता शिट्टीही आली आहे. पंपाखाली काळसर, चकचकीत भुकटी पडते. फडक्याने पुसली. सकाळी पुन्हा होती. पुन्हा पुसली. फडकं ड्रॉवरमध्ये, सगळ्यात खाली ठेवलं.

२२ फेब्रुवारी
कोचने अक्कल गहाण टाकली आहे. गुडघा दुखतोय म्हणून कडीला आज बसवलं! ऐन मोक्याला! चालतोय तोवर चालू द्यावा ना माणूस. हरलो, १-४. मेहुणा म्हणाला की कोचने बरोबर केलं, शेवटच्या मॅचला कडी धड लागेल म्हणूनच आज विश्रांती. गंमत म्हणजे चार गोल खाल्ल्यावर त्याला डिफेन्सची किंमत कळली. म्हणतो, तुमचं पटलं भावोजी, कडीशिवाय आपण उघडे आहोत.
दीड महिन्यानंतर माझा विजय झाला. मजा मात्र वाटली नाही. दिवसभर कानात शिट्टी वाजत होती.

२७ फेब्रुवारी
जोडीदार मॅनेजरकडे जातो म्हणाला. मी त्याला शपथ घातली. प्लेऑफ नक्की झालं की दुसऱ्याच दिवशी बेअरिंग, माझ्या हाताने. तो म्हणाला, आपलं काम काय आहे ते तुला खरंच आठवतंय का? असं तोडून बोलायची गरज नव्हती.
नंतर मॅनेजर स्वतःच खाली आले. आवाजाचं विचारलं. सीझनच्या शेवटी असा येतोच, असं मी सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडलं. सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. समाधानाने वर गेले.

३ मार्च
आठवे! शनिवारी शेवटची मॅच, आपल्याच बर्फावर. बरोबरी झाली तरी प्लेऑफ.
कडीने जाहीर केलं की हा शेवटचा सीझन. चौदा वर्षं आपल्याकडे खेळला आणि एकदाही प्लेऑफ नाही. रेडिओवर म्हणाला, एकदा तिथं खेळायचंय, मग गुडघा राहिला काय, गेला काय. माझे डोळे भरून आले. मेहुण्याचेही. त्याने अजून मोजे धुतलेले नाहीत.
बाथरूमचा नळ गळायचा थांबलाय, हे आज लक्षात आलं. आपोआप बरा झाला, असं बायकोला म्हणालो. ती म्हणाली की तीन आठवड्यांपूर्वी तिने वॉशर बदलला. बोलली का नाही मग?

७ मार्च
पंपाजवळ उभं राहिलं की दात शिवशिवतात. एकच दिवस. राजा, एकच दिवस.

८ मार्च, शनिवार, सकाळी ११.४०
आवाज बंद झाला. पहिल्यांदा वाटलं, बरा झाला.

१२.०५
तीनदा बटण दाबलं. गुरगुरतो आणि बसतो. जोडीदाराला फोन केला. येतो म्हणाला आणि फोन ठेवला. ते जास्त लागलं.

१.१५
जोडीदाराने झाकण काढलं. आता बेअरिंग बसवून उपयोग नाही, आतला शाफ्टच खाल्ला गेलाय. खोकं उघडलंसुद्धा नाही त्याने. मॅनेजरना सांगितलं. त्यांनी विचारलं, बर्फ किती वेळ टिकेल? मी म्हणालो, टिकेल. बर्फ जाड आहे. वर लोक यायला लागलेत. आठ हजार गरम माणसं.

२.५०
१-०! आपण पुढे! बघा, म्हणालो नव्हतो?

३.३०
छतातून पावलांचा आवाज येतो, पण ओरडणं कमी झालंय. जोडीदार वर जाऊन आला. पक पाण्यात रुतते म्हणे. कडी गोलसमोर घोट्याएवढ्या चिखलात उभा असल्यासारखा उभा आहे, हलत नाही.

३.५०
पंचांनी मॅच थांबवली. अकरा मिनिटं बाकी होती. खेळण्याजोगा बर्फ देणं यजमानाचं काम, नाही दिला तर मॅच पाहुण्यांची. नियम आहे. आपण नववे.

संध्याकाळी ५.३०
कडी खाली आला होता. दर सीझनच्या शेवटच्या दिवशी येतो. आमच्याशी हात मिळवणारा तो एकटाच खेळाडू. मला वाटलं होतं, आज येणार नाही. मोजे ओले, स्केट हातात. जोडीदाराशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला. म्हणाला, तुमचा मेहुणा बाहेर भेटला, तुम्ही माझ्या बाजूने किती भांडता ते सांगत होता, आभार.
गुडघा धरून टेकायला जागा शोधत होता. टेबलावर चहाच्या गोल डागांनी भरलेलं खोकं होतं. त्याने विचारलं, यात काय आहे?
रिकामं आहे, असं मी सांगितलं.
बाजूला सरकवायला म्हणून त्याने ते एका हाताने उचललं. उचललं गेलं नाही. मग स्केट खाली ठेवून दोन्ही हातांनी उचललं, वरचं 'पंप २, बेअरिंग' हे लेबल वाचलं, दोन महिन्यांपूर्वीची तारीख वाचली, आणि होतं तिथेच हळूच परत ठेवलं.
टेकला नाही. स्केट उचलले आणि गेला.