जाताना की येताना

रविवार, २९ जून १९९७, वादी कबीर

जेवण गेलं नाही. मीराचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

नाव आपल्यातलं, पण ती अल्बेनियाची. इथे आखातात, आमच्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करते. तिकडे लोकांच्या ठेवी बुडाल्या, मग त्यांनी शस्त्रागारं फोडली, घरोघरी बंदुका आल्या, सरकार पडलं. म्हणून आज मुदतीआधीच निवडणूक. काल तिने वडिलांना फोनवर विनवलं, "पप्पा, उद्या घराबाहेर पडू नका." ते म्हणाले, "कोटाला इस्त्री करून ठेवलीय." म्हातारा माणूस, स्वतःच्या हाताने इस्त्री केलेला कोट घालून निघाला असेल.

संध्याकाळी वडिलांच्या शेजाऱ्याचा तिला फोन आला. रस्त्यात कुणीतरी गोळी झाडली. ते गेले.

मीरा रडली नाही. एवढंच विचारत राहिली, "मत टाकायला जाताना, की टाकून येताना?" शेजाऱ्याला माहीत नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "घरी जा." ती जागची हलली नाही. मग माझ्याकडे वळून तिने तेच विचारलं. मला काय ठाऊक? वसईची मी, तिचा गाव नकाशातसुद्धा दाखवता येणार नाही मला. आणि तो कोट... तो कोट कुणी काढला असेल त्यांच्या अंगावरून?

मी म्हटलं, "येतानाच गं. सकाळीच टाकलं असणार त्यांनी."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली आणि तोंड धुवायला गेली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय तिने. देवा, उद्या तिकडून दुसरंच काही कळलं तर?