बेचाळिसावा फोटो माझ्या हातून गेला, त्याबाबत

प्रति,
मा. मोजणी अधिकारी,
जमीन मोजणी कचेरी, वनासारी, मध्य जावा.

विषय : कचेरीची मूळ डिस्क सोमवारी कोरी न करणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ७ मेचा अहवाल (खोटा).

महोदय,

मी सुतार्जो, बाजारात संगणक दुरुस्त करतो व लग्नांचे व्हिडिओ काढतो. सविनय कळवितो की,

१. कचेरीच्या लिनक्स संगणकातून मोजणीचे फोटो चुकून पुसले गेले. डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, आपण मला दिली. पुसलेला फोटो लगेच मरत नाही. त्याच्या जागेवर दुसरे काही लिहिले, की मरतो. म्हणून सापडलेले फोटो वेगळ्या डिस्कवर ठेवायचे असतात. हे मला पक्के ठाऊक होते.

२. माझी डिस्क लग्नांनी भरलेली. आपले कारकून वागिमानकाका दारात उभे. "काय रे सुतार्जो, निघतंय का काही? साहेब दोनदा विचारून गेले." वडीलधाऱ्याला 'थांबा, आधी डिस्क आणा' म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. मी सापडलेले एकेचाळीस फोटो त्याच इमेजमध्ये उतरवले. बेचाळिसावा उघडला, तर वर आभाळ आणि खाली नुसता करडा पट्टा. कारसिनेम आजींच्या हद्दीचा दगड त्या पट्ट्यात गेला.

३. खरा दगड रस्त्याच्या ठेकेदाराने यंत्राने उपटून टाकला आहे. फोटो नसेल तर गुरुवारच्या सुनावणीत आजींचे स्वयंपाकघर रस्त्यात जाईल.

४. तरीही मी अहवालात लिहिले, 'फोटो आधीच नष्ट झाला होता.' आपण म्हणालात, "बरं झालं, मिटलं." आपल्यालाही सुटल्यासारखे वाटले, हे मी पाहिले आहे. त्याच दिवशी आजी कसाव्याचा उकडलेला कंद घेऊन दुकानात आल्या. "दगड दिसला का रे बाळा?" मी म्हणालो, "मशीनने खाल्ला, आजी." "मशीनला पोट असतं होय!" म्हणून त्या हसल्या व आणखी एक तुकडा माझ्यापुढे सरकवला. तो मी खाल्ला.

५. मूळ डिस्क नक्कल काढल्यापासून बंद, आपल्या कपाटात आहे. तिच्यात तो फोटो बहुधा शाबूत असेल. सोमवारी वागिमानकाका तिच्यावर नवी प्रणाली चढवणार आहेत. ते थांबवावे. नवी नक्कल काढून दुसऱ्या कोणाला द्यावी, मला नव्हे. माझी शिक्षा मागाहून ठरवा, आधी कपाटाला कुलूप लावा.

६. हे सारे आज सकाळी आजींना त्यांच्या अंगणात, शेजाऱ्यांसमोर सांगून आलो आहे. त्या हसल्या नाहीत. तेव्हा हा अर्ज फायलीत दाबून उपयोग होणार नाही.

आपला अपराधी,
सुतार्जो
शुक्रवार, दि. १६ मे २०२५

सोबत :
(१) खोटा अहवाल, माझ्या हाताने काट मारलेला.
(२) डिस्कवर चिकटवण्याची चिठ्ठी : 'हात लावू नये'. खाली आपल्या सहीची जागा सोडली आहे.