कॉफीच्या आधी, कॉफीनंतर

प्रिय टूरे,

बोटीचा फोटो मिळाला. थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझं, नाव दिलंस आणि रंग मात्र असा भडक! मी खूप हसले. मग रडलेही. का ते सांगते, पण आधी माझ्या कामाचं ऐक. जांभया देऊ नकोस.

स्कॅनच्या मशीनची आम्ही परीक्षा घेतो. फुप्फुसात गाठ असलेल्या माणसाचा स्कॅन काढायचा, मग त्याला उठवून कॉफी आणि दालचिनीचा बन द्यायचा, आणि पुन्हा झोपवून दुसरा स्कॅन. एका कॉफीत गाठ वाढत नाही की आकसत नाही. तरी मापांत फरक पडतोच, कारण माणूस जरा वेगळा झोपतो, वेगळा श्वास घेतो. तेवढा फरक मोजमापाचा, गाठीचा नव्हे. शिवाय थोड्या माणसांवरून काढलेला आकडा नशिबानेही चांगला येतो, म्हणून फरकाचा आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बराच आत असेल तरच मशीन पास.

वसंतात आमचं मशीन दिमाखात पास झालं. आमच्या प्रमुखाने, रागनारने, हिरवा केक कापला. मला मात्र मापं इतकी जुळलेली बघून चैन पडेना. गेल्या आठवड्यात नर्स मायब्रिट सहज बोलून गेली, "अगं, त्या बिचाऱ्यांचे गुडघे दुखत होते, कशाला उठवायचं? झोपल्या जागीच दुसरा स्कॅन काढला. बन आम्हीच संपवले." मी कपाळाला हात लावला. रागावू तरी कशी? मायेपोटीच केलं तिने.

रागनार म्हणाला, "हेडविग, पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला कोण बसवतं?" मी म्हटलं, "मी." या खेपेला सगळ्यांना उठवलं, कॉफी पाजली. मशीन नापास झालं. नुसत्या उठण्या-झोपण्याने वीस टक्क्यांपर्यंत फरक पडतो.

टूरे, तुझी गाठ बारा टक्क्यांनी आकसली, हे याच मशीनने सांगितलं होतं. त्या भरवशावर तू ऑपरेशन रद्द केलंस आणि बोट घेतलीस. गाठ आकसलीच नाही असं मी म्हणत नाही. आकसली असं म्हणायला आधार उरलेला नाही. डॉक्टर फोन करतीलच, पण परक्या नंबरचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ऑपरेशनची तारीख परत घे, राजा. मी सोबत येईन, तुझी कुरकुर ऐकत बाहेर बसेन. आणि बोट विकू नकोस. मला पोहता येत नाही, वल्हवता येत नाही. त्या भडक बोटीत मला फिरवायला तूच हवास.

तुझीच, घाबरलेली,
हेडविग