तेहेतीस वर्षं एकच जर्सी

डिचोली,
ता. ९ मे २००४

प्रिय धाकू यास अनंताचा साष्टांग नमस्कार. (नुसताच घालणार होतो, पण तू पडलास देवळाचा गुरव, रोज देवाच्या अंगाला हात लावणारा. साष्टांग घातलेला बरा.) तुझी कंबर कशी आहे? आमच्या क्लबाचा गोल राखताना आपटून घेतलीस ती हीच ना? कमलाक्षीवहिनींचा खोकला थांबला का? इकडे माझं गुडघ्यापासून वर सगळं ठीक आहे. गुडघ्यापासून खालचं क्लबाला दिलेलं असल्यामुळे त्याची चौकशी करू नये.

बातमी अशी की गेल्या रविवारी नवप्रकाश क्लबाने माझा सत्कार केला. सोळा वर्षं गोलापुढचा स्टॉपर म्हणून खेळलो, पुढची सतरा वर्षं कोच म्हणून बाहेरून ओरडलो, मध्ये एक दिवसही दुसऱ्या क्लबाची जर्सी अंगाला लावली नाही. यंदा आपली पोरं वरच्या डिव्हिजनमध्ये चढली, तेव्हा मला वाटलं, सत्कार त्याचाच. आधी शाल आली. (मे महिना, डिचोली, घामावर खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ, आणि वर लोकरी शाल.) मग नारळ आला. मग स्मृतिचिन्ह, त्यावर गोलात बॉल मारणारा पितळी खेळाडू. ज्याने जन्मभर गोल होऊ दिले नाहीत, त्याला त्यांनी गोल मारणारा माणूस दिला. आमचे अध्यक्ष सगुणशेठ (ट्रक बारा, फुटबॉलचं ज्ञान त्याहून कमी) भाषणात म्हणाले की अनंतरावांचा तो गोल डिचोली कधी विसरणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकू, मी जन्मात एकच गोल मारला, आणि तो तुझ्यावर. ब्याऐंशीची सेमीफायनल, बॉल डोक्याने बाहेर काढायला गेलो आणि आपल्याच जाळीत घातला. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी पेडण्याहून फणस घेऊन आलास, तेही माझ्या लक्षात आहे.

सोमवारी सकाळी साडेपाचला नेहमीसारखा शिटी घेऊन मैदानावर गेलो. तिथे एक तरणा माणूस पोरांना प्लास्टिकच्या शंकूंमधून नागमोडी पळवत होता. बंगलोरहून आणलेला नवा कोच. त्याच्याकडे परीक्षेचा दाखला आहे. मी त्याला सांगितलं, बाबा, तो खालचा कोपरा पावसात खचतो, तिथे पोरांना वळवू नकोस, पाय मुरगळतात. त्याने आभार मानले आणि फार नम्रपणे विचारलं, आपण कोण? पोरं खाली मान घालून बुटांच्या नाड्या बांधत राहिली. (बांधलेल्याच होत्या. मीच त्यांना शिकवलंय, नाडी मैदानाबाहेर बांधायची.) सगुणशेठना फोन केला तर ते म्हणाले, अनंतराव, काल शाल घातली ना तुम्हाला?

आपल्या लोकांत ‘जा’ म्हणून तोंडाने सांगायची पद्धत नाही, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. कामावरून काढलं की नारळ दिला म्हणतात, हे शाळेपासून ऐकत आलो. पण खरोखरचा नारळ हातात आला तेव्हा मी तो कपाळाला लावून घरी आणला, आणि सुलोचनेने त्याचं माशाच्या आमटीला वाटण केलं. मैदानावरून परत आलो तर ती म्हणाली, "शाल घातली म्हणजे घराक बस म्हणान सांगतत, तेवढापण कळना नाय तुमका?" तिला कळलं होतं. तरी आमटी तिने मला दोनदा वाढली.

मला फार वाईट वाटलं, धाकू. तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. त्या भाषणात निष्ठा हा शब्द अकरा वेळा आला, आणि दर वेळी मला शहात्तर साल आठवलं. पणजीच्या क्लबाने मला आणि आपल्याच टीममधल्या बाबाजीला बोलावलं होतं, सरकारी नोकरीसकट. बाबाजी गेला, आज पणजीत फ्लॅट आहे त्याचा, संध्याकाळी मांडवीच्या काठाने फिरतो. मी जाणार होतो, पण आई म्हणाली, मूळ गावच्या, पेडण्याच्या देवाला कौल लावल्याशिवाय नाही. तुझे वडील आजारी, म्हणून देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या तूच चिकटवल्यास. (आठवडाभर देवळात आणि रविवारी आमच्या गोलात, असे तुझे ते दिवस.) उजवी पाकळी पडली तर जावं, डावी पडली तर राहावं. डावी पडली. तेव्हा माझी निष्ठा म्हणजे भिजलेली एक फुलाची पाकळी, हे मी सत्काराच्या उत्तरात सांगायला हवं होतं. मी क्लबाचे आभार मानले.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. देवासमोर माझ्या नावाने एक गाऱ्हाणं घाल. सगुणशेठचं नाव त्यात आलं तर माझी हरकत नाही.

तुझा,
अनंत

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. तुमच्या पेडण्याच्या नव्या क्लबाची पोरं परवा मोटरसायकलवरून घरी येऊन गेली. कोच पाहिजे म्हणतात. पगाराचं काही बोलली नाहीत, मैदानावर अजून काजूची दोन झाडं उभी आहेत. मला जायचं आहे. पण सुलोचनासुद्धा आईच्याच वळणाची. देवाला विचारल्याशिवाय जाऊ देणार नाही. सतरा तारखेच्या सोमवारी आम्ही येतो. प्रश्न तोच आणि रीतही तीच. उजवी पडली तर जावं.

आणखी एक. शहात्तर साली मी गाभाऱ्याच्या दारातच उभा होतो. तू उजवी पाकळी लावताना तिच्यावर अंगठा दाबून धरलास, ती पडूच नये असा. समोरच्याच्या हातापायांवर नजर ठेवणं हाच माझा धंदा, मला दिसणार नाही असं तुला कसं वाटलं? तुला तुझा स्टॉपर जायला नको होता. मी आईला काही बोललो नाही, कारण मलाही तुझ्या पुढ्यातून हलायचं नव्हतं. तेव्हा यात देवाचा दोष नाही, तुझाही नाही. फक्त या खेपेला अंगठा डाव्या पाकळीवर ठेव.