साइन आउट होईपर्यंत

सोम., ९ फेब्रु.

अकाउंट्सच्या सुषमाताईंचं प्रोफाइल उघडत नाही. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, आत गेलं की कोरा निळा पडदा. पडद्यावरचा त्यांचा खजराना गणपतीचा फोटो नाही, फाइली नाहीत. कोपऱ्यात सूचना येते की हे तात्पुरतं प्रोफाइल आहे, इथे ठेवलेलं बाहेर पडताना पुसलं जाईल. ती कोणी वाचत नाही. सगळे फुली दाबतात.

ताईंनी शनिवारीच दाबली होती. मग दिवसभर बसून डीलरांकडून परत आलेल्या बियाण्याचा मेळ घातला, डेस्कटॉपवर ठेवला आणि घरी गेल्या. आज मेळ नाही.

ऑफिसची कॉम्प्युटरं मी बघतो, मग मला का नाही बोलावलं, विचारलं. म्हणाल्या, "मला वाटलं, तूच काढलास माझा गणपती. म्हणून तुझ्याशी अबोला धरला होता."

मागच्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो की पडद्यावरचे मोठे फोटो काढून टाका, मशीन हळू चालतं. ते मी सांगितलं होतं, खरं आहे.

कुलकर्णी सर (मॅनेजर, पुण्याहून आलेले) म्हणाले, जुनं प्रोफाइल उडव, नवीन बनव, विषय संपव. नाही उडवलं. जुनं डिस्कवर शाबूत आहे, फक्त उघडत नाही. जिवंत माणसाचा मृत्यूचा दाखला काढण्यासारखं आहे ते.

मंगळ., १० फेब्रु.

सु.ताईंचं प्रो. सुरू केलं. रजिस्ट्रीत, म्हणजे मशीनच्या आतल्या नोंदवहीत, त्यांच्या नावाच्या दोन नोंदी झाल्या होत्या, एक खरी, एक तात्पुरती, आणि मशीन तात्पुरतीच्या मागे जात होतं. आधी बॅकअप घेतला, मग तात्पुरती काढली, खरीचं नाव सरळ केलं.  रीस्टार्ट. गणपती आला.

शनिवारचा मेळ कुठेच नाही. सगळं शोधून बघितलं.

ताईंनी डेस्कटॉपवरची एकेक फाइल बघितली. "गणपती आला रे, पण मेळ गेलाच ना." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेवायच्या सुट्टीपर्यंत ऑफिसभर झालं की नव्या मुलाने, म्हणजे मी, ताईंचा डेटा उडवला. डिस्पॅचचा सोनू हात जोडून आला. "भिया, मेरा मत मिटा देना, उसमें शादी के फोटो हैं." सगळे हसले. मीही हसलो, कशाला हसलो कोण जाणे.

बुध., ११ फेब्रु.

आणखी दोन मशीनवर तेच. सोनूचं त्यातलं एक. फोटो आहेत, दाखवले त्याला, तेव्हा कुठे खाली बसला.

माझा संशय अँटिव्हायरसवर होता. एका मशीनवर बंद करून ठेवला होता, तेही बिघडलं. मग वाटलं, सर्व्हरची डिस्क भरली असेल. भरपूर जागा आहे. दोन्ही अंदाज चुकले.

कारण न कळता दुरुस्त करत राहायचं म्हणजे रोज सकाळी तेच. आणि रोज सकाळी सगळे माझ्याकडे बघणार.

गुरु., १२ फेब्रु.

कळलं.

आमच्याकडे प्रत्येकाचं प्रो. सर्व्हरवर राहतं. सकाळी तिथून मशीनवर येतं, संध्याकाळी साइन आउट केलं की परत तिथे जातं. जायला वेळ लागतो. डेस्कटॉपवर अख्खं लग्न ठेवलं असेल तर जास्तच. लोक साइन आउट दाबतात, डबा उचलतात, निघतात. मागे पडद्यावर ते चक्र फिरत असतं.

आज मी मुद्दाम बसून राहिलो. साडेसहाला बाबूजी (मालक) केबिनमधून आले, हातात अगरबत्ती. दाराजवळच्या मेन बोर्डावर लक्ष्मीचा फोटो आहे, त्याला ओवाळलं, आणि स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली. रोजचंच आहे. सियागंजच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं दुकान होतं तेव्हापासून हे घरच्या मालकाच्या हातानेच होतं. 'बंद' म्हणायचं नाही, 'मंगल करना' म्हणायचं.

सु.ताईंच्या पडद्यावरचं चक्र फिरता फिरता विझलं. अर्धं प्रो. गेलं, अर्धं राहिलं.

आधी बाबूजी सातला यायचे. दिवाळीत डॉक्टरांनी फिरायला सांगितल्यापासून साडेसहाला येतात. टेबलांखालचे यूपीएस कधीचे मेलेत, लोक त्यावर डबे ठेवतात. सर्व्हर केबिनमध्ये वेगळ्या लाइनवर, तो कधी बंद पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

मला आनंद झाला. बसस्टॉपपर्यंत टिकला. मग प्रश्न, की हे आता सांगायचं कोणाला.

शुक्र., १३ फेब्रु.

कु. सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

त्यांना माहीत होतं. दिवाळीनंतर एक-दोन प्रोफाइलं बसली तेव्हाच लक्षात आलं होतं. 

म्हटलं, सगळ्यांना पाऊण तास आधी साइन आउट करायला सांगू. म्हणाले, काचेतून बाबूजी बघत असतात, सहा वाजता कोणाचा पडदा काळा दिसला तर तो माणूस कामचोर ठरतो. यूपीएस? पुढच्या वर्षी मागू. बाबूजींना सांगा ना सर. हसले. "ते अगरबत्ती घेऊन उभे असताना? तू सांगशील?"

मग नीट समजावल्यासारखं बोलले. सोमवारच्या मीटिंगमध्ये ताई मेळाचं काढणारच. तेव्हा तू म्हण, सेटिंगमध्ये माझी चूक झाली. दोन वाक्यं. महिनाअखेरीला तुझं पर्मनंटचं पत्र सहीला जातंय, कोणी काही म्हणणार नाही. माणूस वाईट नाही. चहा मागवला माझ्यासाठी.

मी म्हटलं, विचार करतो. तेवढंही म्हणायला नको होतं.

रवि., १५ फेब्रु.

शिवरात्र, उपास. आईला सांगितलं. सांगणार नव्हतो, पण खिचडी परतताना तिने दोनदा विचारलं, काय झालंय.

महूच्या मामाने बाबूजींकडे शब्द टाकला म्हणून ही नोकरी. आईचं म्हणणं, मामाचं तोंड काळं होईल. "चूक झाली म्हटलं म्हणून जीभ झडते का रे?"

"झाली नसेल तर झडते."

तिने दाण्याचा कूट जास्त घातला माझ्या ताटलीत, मला आवडतो म्हणून. ते जास्त लागलं.

बी.सी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून नातेवाइकांत मी अर्धवटच आहे. भंवरकुआंला स्पर्धा परीक्षांचे क्लास लावले, तेही सुटले. पण हे काम मला येतं. उद्या सगळ्यांसमोर माझी चूक म्हटलं, की या ऑफिसात पुढे जे जे बंद पडेल ते माझ्यामुळेच. पर्मनंट मतलब तेच पर्मनंट.

नाही म्हणणार.

सोम., १६ फेब्रु.

मीटिंग. हात टेबलाखाली ठेवले होते.

सु.ताईंनी मेळाचं काढलं. माझं नाव घेतलं नाही, फक्त सगळं पुन्हा करावं लागतंय म्हणाल्या. कु. सर माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. म्हटलं, वॉलपेपर काढा असं मी सांगत होतो, म्हणून ताईंना कोरा पडदा बघून शंका आली नाही. तेवढं माझं. फाइल मी पुसलेली नाही.

हे मराठीत बोलून गेलो. बाबूजींना मराठी समजतं, बोलत नाहीत.

"तो किसने मिटाई?"

"बिजली ने, बाबूजी. शाम की."

"शाम की बिजली तो मैं मंगल करता हूँ."

 मला म्हणता आलं असतं की वायरिंग जुनं आहे. ते वाक्य तयारही होतं.

"हाँ, बाबूजी," म्हटलं.

त्यांनी पुढचा विषय घेतला. उरलेला वेळ गोदामाबद्दल बोलणं झालं. एक अक्षर आठवत नाही.

मंगळ., १७ फेब्रु.

काल संध्याकाळी बाबूजी साडेसहाच्या आधीच आले होते. माझ्याकडे बघून स्विच खाली केला. आज सकाळी चार जणांची प्रोफाइलं बसली. दुपारपर्यंत सगळी उठवली. कोणाचं काही गेलं नाही, कारण कालपासून मी प्रत्येकाच्या फाइलींची वेगळी प्रत ठेवतोय.

कु. सर टेबलाशी आले, हळू आवाजात म्हणाले, "तुझं पत्र सहीच्या फाइलीतून काढून ठेवलंय. सध्या." सध्या हा शब्द नंतर जोडला त्यांनी, मला बरं वाटावं म्हणून.

सोनू आज थट्टा करायला आला नाही. आला असता तर चाललं असतं.

सु.ताई जाम चिडल्या. "गप बसायला काय होतं रे तुला? मेळ काय, मी परत घातला असता." घालतायतच. मग म्हणाल्या, "आता शेजारी बस आणि आकडे वाचून दाखव." बसलो. त्यांच्या चुका मी काढल्या, माझ्या त्यांनी. अबोला संपला म्हणायचा.

मामाचा फोन येऊन गेला. आईने घेतला. तिने काय सांगितलं ते सांगत नाही, पण दार लावून बोलत होती आणि मधे एकदा जोरात म्हणाली, "तो खोटं बोलत नाही, दादा."

बुध., १८ फेब्रु.

संध्याकाळी आपणहून बोर्डापाशी जाऊन उभा राहिलो. ठरवून गेलो. भिंतीला पाठ टेकवली, त्यामुळे स्विच माझ्या खांद्यामागे आला. वाट अडवायची असं मनात नव्हतं. पण अडली.

बाबूजी अगरबत्ती घेऊन आले. थांबले. जायला निघालेले लोकही डबे हातात घेऊन थांबले.

"हट, बेटा."

"आप ही मंगल करना, बाबूजी. मैं हाथ नहीं लगाऊँगा. बस इनका हो जाने दो."

त्यांनी मान वळवून बघितलं. ताईंच्या पडद्यावर चक्र फिरत होतं, सोनूच्या, कु. सरांच्याही. मला वाटतं, त्यांनी ते पहिल्यांदाच बघितलं. एरवी तोपर्यंत अंधार झालेला असतो.

"और कितना?"

मला खरंच माहीत नव्हतं. "पता नहीं. जब तक होता नहीं."

राख खाली पडली. त्यांनी अगरबत्ती दुसऱ्या हातात घेतली.  एकेक पडदा काळा होत गेला, सोनूचा सगळ्यात शेवटी, ते लग्न. मग मी बाजूला झालो. बाबूजींनी फोटोला ओवाळलं, स्विच खाली केला आणि माझ्याकडे न बघता फिरायला गेले.

जिन्यात कु. सरांनी गाठलं. बाबूजींचा फोन होता. उद्या साडेदहाला मला केबिनमध्ये बोलावलंय, एकट्याला. आवाज कसा होता, मी विचारलं. म्हणाले, त्यांचा आवाज नेहमी तसाच असतो.

सदरा आईने इस्त्री करून ठेवलाय. उद्या लवकर जाईन. आधी सगळी प्रोफाइलं उघडतात का ते बघेन, मग केबिन.