साक्षीचे फोन मी ऐकले

अहेरी, रविवार, २३ नोव्हेंबर २००८

आदरणीय बायनाबाई,
लहान भावाचा जय भीम. तुझ्या डाव्या गुडघ्याची (मागच्या पत्रात तू उजवा लिहिलास, पण पडलीस तेव्हा मी तिथंच होतो, डावाच) सूज उतरली असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे, नाही.

साक्षी डी.एड.साठी तुझ्याकडे नागभीडला राहते आणि चौदा दिवसांपासून बापाशी बोलत नाही, हे तू पाहतेच आहेस. कारण तिनं सांगितलं नसेल, म्हणून मीच क्रमवार लिहितो. तुला ठाऊक आहे, मोबाईल दुरुस्ती मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. रेडिओ, टीव्ही, सगळं स्वतः खोलून शिकलो. साक्षीला फोन दिला त्यात मी एक सोय घातली होती. तिचं प्रत्येक बोलणं आपोआप मेमरी कार्डात उतरायचं. (तिला सांगितलं नव्हतं. काळजीपोटी, असं मी तेव्हा म्हणायचो.) दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा नाहीद नावाच्या मैत्रिणीशी तासतास बोलायची. (सरासरी बावीस मिनिटं.) ती विहिरीवर गेली की मी कार्ड काढून ऐकायचो. वाटलं, एखादा पोरगा निघेल. निघालो मीच.

ती सांगत होती की बाबाचे हात थरथरतात, सोल्डरिंग चुकतं, या सुट्टीत गिऱ्हाइकांचे नऊ फोन बिघडवले. बाबा आंघोळीला गेले की मी दुकानात जाऊन ते खोलते, नीट करते आणि होते तसे ठेवून देते, त्याईले मालूम नाई पडलं पायजे.

बाई, हे ऐकून माणसानं गप्प बसावं. मी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी ती मला भात वाढत होती आणि माझ्या तोंडून गेलंच, "नऊ नाई, सात! दोन तं लोकाईनं पाण्यात पाडूनच आणले होते."

"बाबा, तुमाले कसं मालूम?"

मी वरणाकडे पाहत राहिलो. तिची माय म्हणाली, "जेवा आता पोटभर, हुशार माणूस."

साक्षीनं सिम काढलं, फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे निघून आली. माझी लाज तिनं माझ्यापासूनसुद्धा झाकली होती, आणि मी तिचं बोलणं उघडत बसलो.

तिला काही विचारू नको. मला काही कळवू नको. पाळत पुरे झाली.

तुझा भाऊ,
लटारू

ता. क. जेवते ना?

ता. क. २. सगळी बोलणी पुसली. एकच राहिलं आहे, सव्वा मिनिटाचं. त्यात ती नुसती हसते, कशाला ते कळत नाही. ठेवू का, एवढं तिला विचार. नाही म्हणाली तर पुसायला तिलाच यावं लागेल. त्या बारीक बटणावर माझं बोट ठरत नाही.