लाईनवर कोण आहे

१४ सप्टेंबर, रविवार दुपार

अण्णा, फार वर्षांनी लिहिते आहे, त्याबद्दल माफ करा. मागचं पत्र तुमची नात जन्मली तेव्हाचं, जुन्या एका वहीत अर्धवट पडलं आहे. ती आता सतरा वर्षांची झाली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे तुम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलेलंच नाही. तरी परवा तिने तुमचं नाव पुढे करून बापाला गप्प केलं. उद्या तिचा नवीन फोन येणार आहे आणि हे म्हणाले, "पितृपक्षात कोणी नवीन वस्तू घरात आणतं का? आठ दिवस थांब की." त्यावर ही म्हणते, "बाबा, आजोबा टेलिफोनवाले होते ना? त्यांच्याच पंधरवड्यात फोन येतोय, त्यांना बरंच वाटेल." आम्ही तिघंही हसलो. माझं हसू मात्र अर्ध्यातच थांबलं, कारण तुमचं नाव निघालं तेव्हाच मला कळलं की गेले चार दिवस मला नेमकं कशाने अस्वस्थ केलं आहे.

फोन उद्या दहा ते एकच्या दरम्यान येईल असा मेसेज आला आहे. मी अर्धी रजा टाकली आहे. ती कॉलेजातून दोनपर्यंत येते. आतापर्यंत ती माझा जुना फोन वापरत होती. त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा आहे आणि त्याला नवीन सिस्टिम मिळणं बंद झालं आहे. "म्हातारा झालाय तो, आता त्याला कोणी विचारत नाही," असं ती म्हणते. महिनाभर ती नव्या फोनचे व्हिडिओ बघते आहे. त्यातली नवीन सिस्टिम कशी दिसते, चिन्हं कशी हलतात, बॅटरी किती टिकते, सगळं तिला पाठ आहे. तुमच्या वेळी लोक फोनसाठी वर्षानुवर्षं थांबायचे आणि अर्जाचा कागद देव्हाऱ्यात ठेवायचे. हिची तऱ्हा थोडी वेगळी आहे, पण वाट बघताना चेहरा तसाच होतो.

बुधवारी सकाळी मी चहा गाळत होते. ती ओट्याला टेकून फोनवर काहीतरी बघत होती. म्हणाली, "आई, ऐक ना, यात एक सॉलिड गोष्ट आहे. फोन पहिल्यांदा चालू केला ना, की तो स्वतःच दाखवतो, तुमचं अकाउंट आणखी कुठे कुठे उघडं आहे. लिस्टच देतो. कुठला फोन, कुठला लॅपटॉप, शेवटचं कधी बघितलं, टाईमसकट."

"आत्ता नाही दिसत ते?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवण्याचा प्रयत्न केला.

"आत्ता पण असतं गं, कुठेतरी आत. पण कोण जातंय यार तिथे? नव्यात थेट तोंडासमोर येतं. ती माझी बोरिवलीची मैत्रीण नाही का, तिच्या भावाने तिचे सगळे मेसेज वाचले होते. वाट लागली तिची. असल्या लोकांचं ना..."

"काय असल्या लोकांचं?"

"काही नाही. बोलायचंच नाही त्यांच्याशी. विषय संपला." आणि तिने माझ्या हातातला कप घेतला, पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "झकास झालाय."

अण्णा, ती यादी उद्या उघडेल तेव्हा तिच्यात आमचा लॅपटॉप असेल. शेवटची वेळ आजची असेल.

झालं ते असं. जूनमध्ये तिला प्रॅक्टिकलच्या जर्नलची पानं छापायची होती आणि ती तिला मैत्रिणीने मेसेजमधून पाठवली होती. तिने फोन लॅपटॉपसमोर धरला, चौकोनी कोड स्कॅन केला, तिचं सगळं खातं माझ्या लॅपटॉपवर उघडलं. पानं छापली, पिन मारली आणि ती कॉलेजला पळाली. बंद करायला विसरली. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसचा मसुदा तपासायला लॅपटॉप उघडला, तर तिचे मेसेज एकाखाली एक येत होते. इथपर्यंत माझी चूक नाही, हे मी स्वतःला अनेकदा सांगून झालं आहे. त्या दिवशी बंद करायला एक बटण दाबायचं होतं. मी ते दाबलं नाही. आधी वाटलं, तिला विचारूनच बंद करू. मग दिसलं की ती कोणालातरी लिहिते आहे, "आज परत क्लासला नाही गेले." मग मी वाचलं. नंतर रोज वाचलं. तीन महिने.

आता मला माहीत आहे की तिला सायन्स नको आहे. गुरुवारी ती क्लासला न जाता स्टेशनजवळच्या बागेत बसून चित्रं काढते. हे आम्हाला सांगायला ती घाबरते. बाप ओरडेल याची तिला भीती नाही. "आई ओरडणार नाही रे, ती गप्प होईल आणि चार दिवस विचार करत बसेल, ते जास्त डेंजर आहे," असं तिने वर्गातल्या एका मित्राला लिहिलं होतं. ते वाचून मी खरंच गप्प झाले आणि चार दिवस विचार करत बसले.

याहून वाईट पुढे आहे. ऑगस्टमध्ये तिचा फिजिक्सचा पेपर फार वाईट गेला. तिने ते घरी सांगितलं नव्हतं. मी दुपारीच लॅपटॉपवर वाचलं होतं. ती घरी आली तेव्हा मी शिरा केला होता, केळं घालून, तिला आवडतो तसा, आणि काही न विचारता तिच्यापुढे बशी ठेवली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उभी राहून तिने मला मिठी मारली. दहावीनंतर पहिल्यांदा. रात्रीपर्यंत मला दम निघाला नाही, मी परत उघडून पाहिलं. तिने मैत्रिणीला लिहिलं होतं, "माझ्या आईला ना माझं तोंड बघून कळतं सगळं." मैत्रिणीने लिहिलं होतं, "लकी आहेस." ते वाक्य माझं नाही, अण्णा. मी ते चोरलं आहे. आणि इतकं आवडलं की मी पुढचा महिनाभर तेच मिळवत राहिले.

मला घाटकोपरच्या क्वार्टर्सचं स्वयंपाकघर आठवतं. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही रविवारी एका तक्रारीवर निघाला आहात आणि मी हट्ट करून तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसले आहे. तुमच्या कमरेला तो टेस्टिंगचा फोन लटकतो आहे, पाठीवर डायल असलेला, वायरीला दोन चिमटे. मागच्याच गल्लीतल्या एका बिल्डिंगच्या जिन्याखाली, भिंतीवरच्या डब्यात, सगळ्या बिऱ्हाडांच्या तारा एकत्र येतात. तुम्ही तारेला चिमटे लावता आणि काहीही ऐकण्याआधी मोठ्याने म्हणता, "हॅलो, लाईनमन बोलतोय. तुमच्या लाईनवर आहे. बोलणं चालू असेल तर सांगा, मी थांबतो." प्रत्येक तारेला तेच. तुमच्याबरोबरचे लोक तुमची चेष्टा करायचे, "अहो, कीर्तन कशाला करता? लावा चिमटा आणि मोकळे व्हा." तुम्ही म्हणायचात, "ज्याची लाईन, त्याला माहीत पाहिजे कोण आहे ते."

त्या दिवशी तुम्ही गच्चीवर तार बघायला गेलात आणि फोन खालीच ठेवलात, चिमटे लावलेला. मी कानाला लावला. एक बाई बोलत होती. सुरुवातीला मला वाटलं हसते आहे. "मला इथे नाही राहायचं गं ताई, मला घेऊन जा. कोणाला सांगू नको, पण घेऊन जा." मी पूर्ण ऐकलं. रात्री जेवताना मी आईपुढे तो आवाज काढून दाखवला, नाकातून, रडवेला. आई म्हणाली, "अगो बाई, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची काय?" मी आणखी रंगवून सांगायला लागले. तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही ओरडला नाहीत. घास ताटात परत ठेवलात, हात धुतलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं."

सकाळी तुम्ही मला दुसऱ्या मजल्यावर नेलंत. बेल वाजवून जिन्यावर दोन पायऱ्या खाली येऊन थांबलात आणि त्या बाईंना म्हणालात, "वहिनी, जरा बाहेर येता का?" त्यांच्या हाताला कणीक होती. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मी म्हणाले, "काकू, काल मी तुमचं फोनवरचं बोलणं ऐकलं." त्यांनी एवढंच विचारलं, "कोणाला सांगितलं?" मी म्हणाले, "आईला." तुम्ही म्हणालात, "फोन मी लावून ठेवला होता. चूक माझी आहे. तुम्ही ऑफिसात तक्रार केलीत तरी चालेल." त्या आत गेल्या. दार आपटलं नाही, हळूच लावलं, आणि कडीचा आवाज आला. जिना उतरताना मी रडत होते. तुम्ही म्हणालात, "दार लावलं तर लावलं. पण आता तिला माहीत आहे."

त्यांनी तक्रार केली नाही. पुढे दोन वर्षं त्या मला भाजीबाजारात दिसायच्या आणि नजर वळवायच्या. मला आज चाळिशी उलटल्यावर तुम्हाला विचारायचं आहे: त्या सकाळी तुम्ही कोणासाठी गेलात? त्यांच्यासाठी, मला धडा शिकवायला, की तुमच्या मनाची टोचणी काढायला? त्यांना कळलंच नसतं तर त्या बाजारात खाली मान घालून फिरल्या नसत्या. हे मी इतकी वर्षं कधी धिटाईने मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. आता म्हणते आहे, कारण काल यांनी मला नेमकं हेच विचारलं.

काल संध्याकाळी ती खाली गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसला तो वाचल्याचा नव्हे, मी एवढे दिवस एकटीने वाचल्याचा. मग म्हणाले, "अगं, उडव ना लॅपटॉपवरून. आत्ता. सोमवारी यादीत नावच येणार नाही. तिला कळायचं कारण नाही."

"आणि मला कळलेलं?"

"ते राहू दे मनात. तुला हलकं वाटावं म्हणून तिला जड करणार का? सतरा वर्षांची आहे. अजून वर्षभर तरी आपल्याशी बोलायला हवी आहे मला."

त्यांचं बोलणं चुकीचं वाटत नाही, हीच अडचण आहे. मी सांगितलं तर ती सायन्सचं आम्हाला कधीच आपणहून सांगणार नाही, कारण ते आधीच उघडं पडलेलं असेल. त्या शिऱ्याच्या बशीवरून मारलेली मिठीही तिच्या मनातून ती काढून घेईल. "बोलायचंच नाही त्यांच्याशी," असं ती म्हणाली ते मी ऐकलं आहे, आणि ती शब्दाची पक्की आहे. तुमच्यावर गेली आहे. नाही सांगितलं तर उद्या ती नवा फोन हातात घेऊन, यादी बघून, माझ्याकडे वळून म्हणेल, "बघ आई, कोणी नाही. सगळं क्लिअर." आणि मी म्हणेन, "वा." हा प्रसंग मी आज सकाळपासून किती वेळा मनात पाहिला सांगता येत नाही. दर वेळी त्या 'वा'पाशी माझा आवाज नाकातून येतो, त्या दहा वर्षांच्या मुलीने काढला होता तसा.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या शर्टाच्या खिशात बटणांचा साधा मोबाईल होता. पण दुसऱ्याचा मोबाईल तुम्ही कधीच हातात घेऊन बघितला नाहीत, आणि आमच्यापैकी कोणाचा वाजला तर उचलायचाही नाहीत. "ज्याचा त्याने घ्यावा." तेव्हा मला ते जुनाट वाटायचं. त्या बाईंबद्दलही मी आता थोडं वेगळं बघते. नंतर त्या फोनवर काय बोलायचं, काय नाही, हे त्या स्वतः ठरवू शकत होत्या. एवढंच त्यांना तुम्ही परत दिलंत. त्याची किंमत म्हणून त्यांनी तुमच्याकडे बघणं सोडलं, आणि तुम्ही ते मुकाट्याने सोसलंत. टोचणी काढायला गेलेला माणूस असं सोसत नाही, बहुतेक. खात्रीने नाही सांगता येत.

ती आतल्या खोलीत जुन्या फोनमधले फोटो निवडते आहे, कुठले नव्यात घ्यायचे, कुठले नाही. मधून मधून ओरडून विचारते, "आई, आपला महाबळेश्वरचा ठेवू का गं? तू त्यात भूत दिसतेस." मी म्हणते, "ठेव."

एक कबुली राहिली. हे लिहिताना, शिऱ्याचं लिहून झाल्यावर, मी वही मिटून उठले होते. पाणी प्यायला नव्हे. लॅपटॉप अजून तिच्या खात्यावर उघडा आहे आणि मी पुन्हा वाचलं. तिने लिहिलं होतं, "उद्या फोन आला की आईबरोबर उघडणार." बटण मी अजूनही दाबलेलं नाही, आता ते दाबायचं काम माझं नाही, तिचं आहे.

उद्या: फोनचा खोका फोडण्याआधी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवायचा.